वाऱ्याचा गोंगाट: फोमचे इअरप्लग घ्यावेत, फिल्टरवाले की कानाच्या मापाचे?

बाइकवर ताशी १०० किमी वेगाला चांगल्या फुल-फेस हेल्मेटमध्येही कानाशी आवाज सहज ९५ डेसिबलच्या पुढे जातो. ८५ डेसिबलला दिवसाचे ८ तास ही सर्वसाधारण मर्यादा धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला ती निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं! दोष बहुतेक वेळा इंजिनाचा नसतो. हेल्मेटच्या खालच्या कडेशी घुसळणाऱ्या हवेचा असतो, आणि ही खोल घरघर हेल्मेटच्या अस्तराला फारशी अडत नाही.

निव्वळ आवाज कमी करायचा तर फोमचे प्लग सगळ्यात पुढे. पाकिटावर आवाज घटवण्याचं ३० डेसिबलच्या आसपास रेटिंग असतं, पण नीट न बसवल्यास त्यातलं निम्मंही मिळत नाही. प्लग बोटांत घोळून सुरकुत्या न पडता बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. मग तळवे कानांवर दाबून पाहा: आवाज एकदम घटला तर प्लग नीट बसलेला नाही. बाहेर डोकावणारं टोक हेल्मेट चढवताना अस्तरात अडकतं आणि बसलेला प्लग निघतो. मळला किंवा फुगेनासा झाला की टाकून द्या.

फिल्टरवाले प्लग, म्हणजे आतल्या बारीक फिल्टरमधून थोडा आवाज येऊ देणारे, कमी अडवतात, पण हॉर्न, सायरन, इंटरकॉमवरचं बोलणं मोकळं ऐकू येतं. शहरात आणि मध्यम वेगाला हेच सोयीचे. देठ लांब असेल तर तासाभरात अस्तर तो कानात रुतवतं, म्हणून हेल्मेट घालूनच पारखा. फिल्टरमध्ये मळ साचू देऊ नका.

कानाच्या मापाचे प्लग महाग. रोज लांब पल्ला असेल तरच पैसे वसूल. ते कानाचा साचा घेऊन बनवतात; त्याआधी कानातला मळ काढून घ्यावा लागतो. साचा श्रवणतज्ज्ञाकडूनच घ्या. घरच्या किटमधलं सिलिकॉन खोल गेलं तर कानाचं दुखणं ओढवतं.

नॉइज-कॅन्सलिंग इअरबड मात्र या रांगेत बसत नाहीत. सतत येणारी घरघर ते कमी करतात, पण संरक्षणाचं रेटिंग त्यांना सहसा नसतं आणि बॅटरी संपली की ते नुसते बुच. वर गाणं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला, तर वाचवलेलं सगळं परत गेलं.

विंडशील्ड बदलायच्या आधी एक साधी चाचणी करा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर स्थिर वेगात सीटवरून किंचित उठा. डोकं वर जाताच गोंगाट कमी झाला, तर काच वारा थेट हेल्मेटवर फेकते आहे. ती थोडी खाली घेतल्याने किंवा बुटकी लावल्याने बरंच साधतं. चिन कर्टन, म्हणजे हेल्मेटच्या हनुवटीखालची फट झाकणारी पट्टी, हीही लावून पाहण्यासारखी आहे. पण प्लग तरीही हवेतच.

प्लग काढताना झटका देऊ नका. हळूच पिळत बाहेर घ्या, नाहीतर आतली हवा कानाच्या पडद्याला खेचते.