प्रॉक्समॉक्स व्हीई: व्हीएम चालू, पण कनेक्शन गायब, तेव्हा किती कामाला येतं?

प्रॉक्समॉक्स म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेक व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालवायचं सॉफ्टवेअर. त्याचे रिव्ह्यू वाचले की इन्स्टॉल किती पटकन होतं आणि बॅकअप किती सोपा, एवढंच सापडतं. पण सर्व्हरवरच्या सॉफ्टवेअरची खरी पारख होते ती व्हीएम यादीत हिरवी, म्हणजे चालू, दिसतेय आणि एसएसएच (दुरून लॉगिन) मात्र लागत नाहीये अशा वेळी, आणि तिथे हे मला मनापासून आवडलंय, म्हणून हा रिव्ह्यू फक्त तेवढ्यापुरता.

२००८ पासून असलेलं, डेबियन लिनक्सवर बसवलेलं, आत केव्हीएम, म्हणजे लिनक्सचीच व्हीएम चालवायची सोय. म्हणजे खाली साधं लिनक्सच आहे, काही झाकलेलं नाही, आणि हाच याचा सगळ्यात मोठा फायदा. ब्राउझरमधला कन्सोल, म्हणजे व्हीएमची स्क्रीन, होस्टमधून (ज्या सर्व्हरवर व्हीएम चालतात त्यातून) जातो, व्हीएमच्या नेटवर्कवर अवलंबून नाही, त्यामुळे आयपी गेला तरी आत शिरता येतं. फक्त क्लाउड इमेजवाल्या (आयत्या तयार डिस्कवरून बनवलेल्या) व्हीएममध्ये नुसती एसएसएचची की टाकलेली असते, पासवर्ड नसतो, मग कन्सोल उघडून लॉगिनसमोर बसायची वेळ येते, म्हणून क्लाउड-इनिटच्या (बूट होताना व्हीएममध्ये सेटिंग टाकणाऱ्या सोयीच्या) टॅबमध्ये पासवर्ड आधीच टाकून ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक नेटवर्क कार्डाला होस्टवर स्वतःचा टॅप, म्हणजे व्हर्च्युअल पोर्ट, असतो, १०० नंबरच्या व्हीएमचं पहिलं कार्ड म्हणजे टॅप१००आय० (tap100i0). बाहेरून पिंग चालू ठेवायचा आणि होस्टवर त्या टॅपवर येणारीजाणारी पॅकेट दाखवणारं टीसीपीडम्प लावायचं. पॅकेट टॅपपर्यंत येतंय पण उत्तर निघत नाही, तर दोष व्हीएमच्या आत. होस्टच्या फिजिकल पोर्टवर दिसतंय पण टॅपवर नाही, तर दोष ब्रिजचा (होस्टमधला व्हर्च्युअल स्विच), व्हीलॅन टॅगचा (नेटवर्कचा विभाग सांगणारा नंबर) नाहीतर फायरवॉलचा. पोर्टवरच येत नसेल तर सरळ स्विचकडे जा, उगाच व्हीएम रीस्टार्ट करत बसू नका, रीस्टार्टने पुरावा जातो!

सगळ्यात चकवणारा प्रकार क्लोनचा, म्हणजे व्हीएमच्या नकलेचा. क्लोन करताना प्रॉक्समॉक्स मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाची ओळख) नवीन देतं, पण डिस्कच्या आतली मशीन-आयडीची फाइल तशीच राहते, आणि नव्या उबुंटूसारखे काही लिनक्स आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीला ओळख मॅकवरून न देता त्या आयडीवरून देतात. मग दोन व्हीएमना एकच आयपी मिळतो आणि कनेक्शन कधी एकीकडे कधी दुसरीकडे, मध्येच तुटतं, परत लागतं, आणि लोक केबलला दोष देत बसतात. त्याच नेटवर्कमधल्या तिसऱ्या मशीनवरून आर्पिंग (त्या आयपीवर कोणता मॅक आहे ते विचारणारी कमांड) करा, एका आयपीला दोन वेगवेगळे मॅक उत्तर देताना दिसले की निकाल लागला. टेम्प्लेट (क्लोन काढायचा साचा) बनवायच्या आधी ती फाइल रिकामी करून ठेवली की पुढच्या प्रत्येक क्लोनला स्वतःची आयडी मिळते.

न आवडलेलं पण सांगतो. यादीतला हिरवा आयकॉन म्हणजे फक्त प्रोसेस चालू आहे, आतली सिस्टीम जिवंत आहे का ते त्याच्यावरून कळत नाही. गेस्ट एजंट (आतली माहिती होस्टला देणारा छोटा प्रोग्रॅम) आत इन्स्टॉल करून ऑप्शन्समध्ये चालू केला तरच आयपी वगैरे दिसतं, तो सगळ्या व्हीएममध्ये टाकाच. फायरवॉल तीन ठिकाणी चालू करावा लागतो, डेटासेंटर, व्हीएम आणि नेटवर्क कार्ड, आणि तिन्ही चालू झाले की व्हीएमकडे येणारं ट्रॅफिक नियम नसेल तर अडवलं जातं, एसएसएचसुद्धा. नवीन माणूस इथे हमखास अडकतो, स्क्रीनवर एखादी ठळक सूचना हवी होती.

पिंग लागतो, लॉगिन होतं, पण मोठं आउटपुट आलं की एसएसएच गोठतं, असं असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) बघा. व्हीएक्सलॅन (एका नेटवर्कच्या आतून दुसरं नेटवर्क नेणारी पद्धत) वापरत असाल तर ते ५० बाइट खातं, म्हणजे खालचं नेटवर्क १५०० चं असेल तर व्हीएमच्या आत १४५० पाहिजे.

नेटवर्कचे बदल रीबूट न करता लागू होतात हे फार सोयीचं, पण ब्रिजला हात लावताना सर्व्हरचं रिमोट मॅनेजमेंट पोर्ट दुसऱ्या टॅबमध्ये उघडून ठेवा, कारण होस्टचाच आयपी गेला तर वर सांगितलेला कन्सोलही उघडत नाही.