आयल्ट्स रायटिंगसाठी नागपूरच्या धरमपेठेतला हा क्लास लावाच

अकॅडेमिक आयल्ट्सच्या, म्हणजे परदेशात शिकायला जाताना द्यायच्या इंग्रजी परीक्षेच्या, रायटिंगमध्ये ज्यांचा बँड म्हणजे स्कोअर ६ च्या वर सरकूनच नाही राहिला त्यांच्यासाठी लिहितेय. मी हा क्लास फक्त रायटिंगसाठी लावला होता आणि त्यातही टास्क १ साठी, म्हणून मुख्य तेच सांगते.

टास्क १ माहीतच असेल, ग्राफ नाहीतर टेबल देतात, साधारण २० मिनिटं आणि कमीत कमी १५० शब्द. आता यात 'वाढलं' हे पुन्हा पुन्हा लिहावं लागतं, मग बहुतेक क्लासवाले काय करतात, एक लांबलचक पीडीएफ हातात देतात, राइझ, क्लाइम्ब, सोअर, सर्ज, रॉकेट, शूट अप, लीप, स्पाइक, सगळ्यांच्या पुढे अर्थ एकच, वाढणे, आणि सांगतात दर वाक्यात वेगळा टाका. मी आधी जिथे जायचे तिथेही हेच चाललं होतं. मग काय, २० चे २२ टक्के झाले तरी मुलं सोअर लिहितात, आणि तपासणाऱ्याला तिथेच कळतं की पाठ करून आलेत.

इथल्या मॅडम पीडीएफ देतच नाहीत. आधी फळ्यावर रेघ काढतात, ती कशी चालली ते आपल्याकडून मराठीत बोलून घेतात, व्हर्ब त्याच्यानंतर. सर्ज शिकवताना त्यांनी अंबाझरीचंच उदाहरण घेतलं, २३ सप्टेंबर २०२३ ला पहाटे तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं ते. मागून जोर येतो आणि एकदम लोंढा पुढे येतो, ते सर्ज. आमच्या बॅचमध्ये तिकडची मुलं होती, त्यांना अजून काही समजावून सांगायची गरजच पडली नाही. जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमवर मॅच असली की मेट्रोत जी गर्दी उसळते तिलाही सर्ज चालतं.

सोअर वेगळं. ते घारीसारखं, वर जातं आणि वरच राहतं, म्हणून सोन्याच्या भावाला बरोबर बसतं. आणि स्पाइक तर मी आयुष्यात विसरणार नाही! मे २०२४ च्या शेवटी नागपुरात एका ऑटोमॅटिक स्टेशनवर ५६ डिग्री दिसलं होतं, आठवतं ना, सगळ्या देशात बातमी झाली, मग हवामान खात्याने सांगितलं की सेन्सरच बिघडला होता. मॅडमनी तोच ग्राफ काढला, ४५ च्या आसपास चाललेली रेघ, मधेच सुईसारखं टोक आणि लगेच परत खाली. हा स्पाइक. आकडा वर जाऊन तिथेच राहिला असेल तर तिथे स्पाइक लिहायचं नाही.

लीप आणि जंप बार ग्राफच्या दोन ठोकळ्यांमध्ये वापरा म्हणाल्या, म्हणजे २०१० ला इतकं आणि २०२० ला थेट इतकं, मधलं काही दिसतच नाही तेव्हा. रॉकेट पेपरच्या हेडलाइनमध्ये शोभतं, रेघ खरंच सरळ वर गेली असेल तरच घ्या. खाली येणाऱ्यांचंही तसंच आहे, प्लंज आणि प्लमेट म्हणजे जोरात कोसळणं, डिप म्हणजे थोडंसं खाली जाऊन पुन्हा सावरणं.

ग्रामर पण याच्यातच येऊन जातं, वेगळं कंटाळवाणं लेक्चर नाही. भाव स्वतः सर्ज होतात, सरकार भाव सर्ज करत नाही, तिथे रेझ पाहिजे. शूटचं शॉट होतं, शूटेड नाही. 'सोअर्ड स्लाइटली' हे तर स्वतःलाच खोडणारं वाक्य, जोरात वाढलं तर स्लाइटली कसं? 'अ सर्ज इन', 'अ स्पाइक इन' चालतं पण 'अ सोअर इन' चालत नाही. आणि बाय-टूचा गोंधळ, ४० चं ६० झालं तर रोझ बाय २० किंवा रोझ टू ६०, हे चुकलं की अख्खा आकडाच चुकतो, इंग्रजी कितीही छान असो. माझ्या मते फी इथेच वसूल होते.

आता जे नाही आवडलं ते. टास्क २ चं, म्हणजे निबंधाचं, वजन टास्क १ च्या दुप्पट असतं, तरी इथे त्याला वेळ कमी मिळतो, मॅडमना हे आम्ही बोललोही, त्यांनी फरक करायलाच हवा. स्पीकिंगची प्रॅक्टिस नावापुरती, त्यासाठी दुसरीकडे बघा. संध्याकाळची बॅच खच्चून भरते आणि मागच्या बाकावरून फळ्यावरची बारीक रेघ दिसत नाही, उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात अर्धं बोलणं ऐकू येत नाही ते वेगळंच, म्हणून सकाळचीच बॅच घ्या. गाडी लावायला पण तेव्हाच जागा मिळते.

डेमोला जाताना आपण लिहिलेला एखादा टास्क १ सोबत न्या, मॅडम तिथेच बसून एकेक व्हर्बवर खूण करून देतात आणि त्याचे पैसे घेत नाहीत.