तिसरं औषध, आठवा महिना आणि आमचा सिंगल डोअर फ्रिज

उस्टेकिनुमॅब या इंजेक्शनचा आठवा महिना चालू आहे. त्याआधी नऊ महिने ॲडालिमुमॅब, त्याच्याही आधी पावणेदोन वर्षं इन्फ्लिक्सिमॅब. क्रोन्स म्हणजे आतड्यात सूज आणि जखमा करणारा जुनाट आजार. त्यावरची तीन बायोलॉजिक (जिवंत पेशींकडून बनवून घेतलेली प्रथिनांची) औषधं एकाच पोटावर वापरून झाली, म्हणून लिहायला बसलो. गाव यवतमाळ जिल्ह्यात, धंदा कृषी केंद्राचा, पोटाचे डॉक्टर नागपूरला. एसटीनं जायला साडेचार तास, आणि ज्याला दिवसातून दहा वेळा संडासला जावं लागतं त्याला ते साडेचार तास किती लांब, हे तोच जाणे.

सुरुवातीचं थोडक्यात सांगतो. आधी सहा महिने टीबीच्या गोळ्या खाल्ल्या. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतून जवळजवळ सारखेच दिसतात, बायोप्सीतही गोंधळ होतो, त्यामुळे आपल्याकडे अनेकांची सुरुवात इथूनच होते. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. गोळ्या संपल्या, जखमा तशाच राहिल्या, तेव्हा निदान फिरलं. मग प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. तोंड सुजलं, भूक लागली, गावात लोक म्हणाले तब्येत सुधारली. स्टेरॉइड कमी केलं की दुखणं परत. शेवटी इन्फ्लिक्सिमॅब, सोबत प्रतिकारशक्ती दाबणारी ॲझाथायोप्रिनची गोळी. त्याआधी छातीचा एक्स-रे, सुप्त टीबीची रक्ततपासणी आणि हिपॅटायटिस बी हे सगळं झालं. इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधं टीएनएफ, म्हणजे सूज वाढवणारं शरीरातलंच एक प्रथिन, अडवतात, आणि शरीरात दडून बसलेला टीबी टीएनएफच्याच जोरावर दाबलेला असतो. त्यामुळे घाई असली तरी ही तपासणी टाळू नका.

इन्फ्लिक्सिमॅब सलाईनमधून. पहिला डोस, मग दुसऱ्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात आणि पुढे दर आठ आठवड्यांनी. किलोमागे 5 मिलिग्रॅम. माझं वजन तेव्हा 52, म्हणजे 260 मिलिग्रॅम. 100 च्या तीन व्हायल फोडायच्या आणि तिसरीतले 40 जायचे. त्या 40 मिलिग्रॅमकडे मी दर वेळी सांडलेल्या खताकडे पाहावं तसं पाहायचो. पण औषधानं काम केलं. दुसऱ्या डोसनंतर मी भाकरी आणि ठेचा खाल्ला. ठेचा खायचा नव्हता, पण खाल्ला.

बिघडलं ते माझ्याच हातानं. मधे पांढऱ्या पेशी घसरल्या म्हणून ॲझाथायोप्रिन बंद झालं होतं. नंतर जून आला. पेरणीचे दिवस, दुकानासमोर बियाण्यासाठी रांग, पोट एकदम छान. डोस चार आठवडे पुढे ढकलला. कोणी ओरडलं नाही, काही दुखलंही नाही. दिवाळीनंतर मात्र सातव्या आठवड्यातच पोट मुरडायला लागलं, मग सहाव्या, मग पाचव्या.

दुकानात रोज कोणी ना कोणी येतो आणि म्हणतो, “भाऊ, औषध काम नाही करून राह्यलं, जरा कडक द्या न.” मीही डॉक्टरांना नेमकं तेच म्हणालो. त्यांनी कडक औषध दिलं नाही, रक्त घेतलं. पुढच्या डोसच्या अगदी आधी, जेव्हा शरीरातलं औषध सगळ्यात कमी असतं तेव्हा. औषधाची पातळी जवळपास शून्य आणि त्याविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर. गुलाबी बोंडअळी बीटी कापूस पचवून बसली, तिथे बदलली अळी. इथे माझ्या आजारानं काहीच पचवलं नव्हतं. माझंच शरीर औषधाला परकं समजून धरून बाहेर काढत होतं. इन्फ्लिक्सिमॅबमध्ये उंदराच्या प्रथिनाचा अंश असतो, डोसमध्ये खंड पडला आणि सोबतची गोळी नसली की शरीर ते ओळखायला शिकण्याची शक्यता वाढते. असं असताना डोस वाढवणं म्हणजे फुटक्या पंपात जास्त औषध ओतणं.

म्हणून ॲडालिमुमॅब. तेही टीएनएफच अडवतं, पण रेणू वेगळा, त्यामुळे आधीच्या अँटिबॉडी त्याला धरत नाहीत. पहिल्या दिवशी 160 मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी 80, पुढे दर पंधरवड्याला 40. भारतात याचं बायोसिमिलर (मूळ औषधाशी जुळणारं दुसऱ्या कंपनीचं औषध) 2014 च्या डिसेंबरातच आलं, त्यामुळे खर्च आवाक्याच्या निदान नजरेत तरी येतो. घरीच पोटाच्या कातडीखाली टोचायचं. आई पहिल्यांदा बाजूला बसली आणि म्हणाली, “काहून रे, लय आग होते का तुले?” आग होतेच. अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवलं की कमी होते.

खरा त्रास सुईचा नाही, फ्रिजचा. औषध 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं. पत्रकात मूळ औषधाबद्दल लिहिलेलं असतं की 25 डिग्रीपर्यंत 14 दिवस बाहेर चालतं. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात पहाटे चारलाही 25 नसतं. वादळानं तार तुटली की लाईट दुसऱ्या दिवशी. आशाताईंनी सांगितलं म्हणून लसीच्या डब्यासारखा डबा घेतला, पण बर्फाचा पॅक आणि इंजेक्शन यांच्यामध्ये कापडाची घडी ठेवायची, थेट टेकवायचं नाही. हे मी शिकलो एक इंजेक्शन घालवून. सिंगल डोअर फ्रिजमध्ये बर्फाच्या खणाच्या अगदी खाली ठेवलं होतं, सकाळी पाहतो तर आत बर्फ. गोठलेलं वितळवून वापरायचं नसतं. त्या दिवशी दुकान उघडलं नाही.

ॲडालिमुमॅबनं पहिले तीन-चार महिने बरं वाटलं. शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट 1100 वरून 380 वर आली. (50 च्या आत म्हणजे नॉर्मल, 250 च्या वर म्हणजे आत सूज आहे असं धरतात.) मग परत चढायला लागली, आठव्या महिन्यात 900. या वेळी मी आधीच ठरवलं होतं की अँटिबॉडीच असणार. रिपोर्ट उलटा आला. औषधाची पातळी चांगली, अँटिबॉडी नाहीत, आणि दुर्बिणीत लहान आतड्याच्या शेवटाला जखमा तशाच. म्हणजे औषध पोहोचत होतं, पण माझा आजार आता टीएनएफच्या वाटेनं चालतच नव्हता. पहिल्यांदा औषध हरवत होतं, दुसऱ्यांदा हजर असून उपयोगी नव्हतं. बाहेरून दोन्ही वेळा पोट सारखंच दुखत होतं. औषधाची पातळी आणि अँटिबॉडी पाहणारी ही रक्ताची टेस्ट महाग आहे, नमुना बाहेर जातो, रिपोर्टला दिवस लागतात, तरी मी म्हणेन की बायोलॉजिक बदलण्याआधी तिच्याबद्दल डॉक्टरांना विचाराच. नाहीतर तिसरं टीएनएफचंच औषध घेऊन आणखी एक वर्ष गेलं असतं.

पुढे दोन पर्याय समोर होते. व्हेडोलिझुमॅब फक्त आतड्यापुरतं काम करतं, संसर्गाची भीती कमी, पण माझे गुडघे आणि घोटेही दुखत होते, आणि मला ते सलाईननंच घ्यावं लागणार होतं, म्हणजे दर आठ आठवड्यांनी नागपूर. उस्टेकिनुमॅब टीएनएफ सोडून आयएल-12 आणि 23 ही सूज वाढवणारी दुसरी प्रथिनं अडवतं. पहिला डोस वजनावर, 55 किलोपर्यंत 260 मिलिग्रॅम सलाईनमधून, नंतर दर आठ आठवड्यांनी 90 मिलिग्रॅम कातडीखाली. डॉक्टरांचा कल तिकडे होता, माझा तर होताच.

जानेवारीत सलाईन झालं आणि पुढचे दोन महिने मी फसलो असंच वाटत होतं. इन्फ्लिक्सिमॅबसारखा दुसऱ्याच डोसला ठेचा नाही. मार्चमध्ये पहिलं इंजेक्शन, तेव्हाही दिवसाला सहा वेळा. हे औषध हळू चालतं असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ऐकणं वेगळं आणि रात्री दोनला उठणं वेगळं. एप्रिलच्या शेवटी दुसऱ्या इंजेक्शननंतर एक दिवस लक्षात आलं की सकाळपासून मी दुकानाच्या मागच्या बाजूला गेलेलोच नाही. कॅलप्रोटेक्टिन तेव्हा 410, सातव्या महिन्यात 130. वजन 54. खोकला आला तर अजूनही छातीचा फोटो काढतो. घोटे सकाळी अर्धा तास आखडतात, ते काही गेलं नाही.

खर्चाचं एवढंच सांगतो की छापील किमतीवर जाऊन घाबरू नका. कंपन्यांच्या रुग्ण-सहाय्य योजना असतात, त्या डॉक्टरांच्या दवाखान्यातच विचारायच्या. तरीही माझ्या घरी हा हिशोब कापसाच्या क्विंटलमध्ये होतो आणि भाव पडला की बाबा माझ्याकडे न बघता बोलतात.

या वर्षी एक गोष्ट मात्र जमली. एक इंजेक्शन एप्रिलच्या शेवटी टोचलं, पुढचं जूनच्या शेवटी नागपूरहून डब्यात घालून रात्रीच्या एसटीनं आणलं आणि सकाळी टोचून मोकळा झालो. अख्खा मे फ्रिजमध्ये औषध नव्हतं. लाईट गेली की मी पहिल्यांदाच खाटेवरून उठलो नाही. चौथं ऑगस्टमध्ये झालं, पाचवं ऑक्टोबरात आहे. मधल्या फळीवरच्या औषधाच्या डब्यात आईनं सांबार, म्हणजे कोथिंबीर, ठेवायला सुरुवात केली आहे, तो तेवढा आधी रिकामा करून घ्यावा लागेल.