विजेची साठवण-रेंज बिघडली: स्वतः शोधावं, कारागीर बोलवावा, की आतलं सगळंच बदलावं?

साधा ओव्हन बंद पडला की पाच मिनिटांत कळतं. उष्णता साठवणारी बिडाची रेंज, म्हणजे ओव्हन आणि वरच्या झाकणाखालच्या शेगड्या एकत्र असलेली, सतत तापती चूल, बिघडल्यावरही कित्येक तास तापलेलीच राहते. रात्री एलिमेंट (विजेवर तापणारी कांडी) जळालं तरी सकाळी तिच्यावर पाणी उकळतं. दुपारी ओव्हन कोमट लागला की आपण सकाळी कुठल्या बटणाला हात लागला ते आठवत बसतो, आणि घाईने थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान राखणारा स्विच, वाढवतो. तेवढं मात्र करू नका. तो फिरवल्याचा परिणामही काही तासांनीच दिसणार, आणि तोवर मूळ दोष कोणता नि आपण केलेला बदल कोणता, हे वेगळं काढता येणार नाही.

म्हणून तिन्ही पर्यायांच्या आधी एक दिवस वहीचा. रिकाम्या ओव्हनच्या मधोमध ओव्हन-थर्मामीटर ठेवायचा आणि दर दोन तासांनी आकडा लिहायचा. झाकणं शक्यतो बंद. आकडा नुसता उतरतच गेला तर आत उष्णता येतच नाही. चढउतार होतोय पण पातळी खाली आहे, तर थर्मोस्टॅट, अनेकांपैकी एखादं एलिमेंट किंवा दाराची सील यांच्यावर संशय घ्यावा.

पुढचा अर्थ रेंज कोणत्या जातीची आहे त्यावर अवलंबून. एक जात रात्रीच्या स्वस्त विजेवर आतल्या विटांचा गाभा तापवते (ब्रिटनमधल्या इकॉनॉमी ७ दरात ही सवलत ७ तासांची असते) आणि दिवसा पंखा ती उष्णता ओव्हनकडे नेतो. इथे सकाळीच थंड असेल तर चार्जिंग झालेलं नाही: टाइम स्विच, कॉन्टॅक्टर (मोठा भार चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) किंवा रात्रीचा पुरवठा यांत दोष. गाभा तापलेला पण ओव्हन गार, तर पंखा. वीज गेल्यावर जुना मोटरवाला टाइम स्विच तेवढाच मागे पडतो, हे कित्येकांच्या ध्यानात येत नाही. मग रेंज महाग वेळेत तापत राहते आणि दोष बिलात दिसतो. दुसरी जात ब्रिटनमधल्या १३ अँपिअरच्या साध्या प्लगवर चालते. २३० व्होल्टला हे जेमतेम ३ किलोवॉट. थोडीथोडी वीज घेऊन ती दिवसभर तापमान राखते, त्यामुळे एक एलिमेंट गेलं तर ती बंद पडत नाही, फक्त कधीच पुरेशी तापत नाही. हा बिघाड सर्वांत फसवा.

स्वतः किती करावं? माझं मत: पत्र्याच्या बाहेरचं सगळं, आतलं काही नाही. बाहेरचं म्हणजे टाइम स्विचवरची वेळ, फ्यूज, दाराची सील. सील बघायला रेंज थंड असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. सहज ओढली गेली तर तिथून उष्णता गळतेय. मग वितरण पेटी. एमसीबी (जादा प्रवाह झाला की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर शॉर्ट किंवा जादा भार. आरसीडी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर वीज अर्थिंगकडे गळतेय, आणि त्यामागे बऱ्याचदा दमट एलिमेंट असतं: आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी हवेतला ओलावा ओढून घेते. महिनाभर बंद ठेवलेली रेंज सुरू करताच ट्रिप होते ती यामुळेच. एलिमेंट सुकवता येतं, पण आरसीडी टाळून जोडणी करणं हा त्यावर उपाय नव्हे.

आतलं काम कारागिराचं. रात्रीच्या चार्जिंगच्या रचनेत एलिमेंटचं आणि पंख्याचं सर्किट सहसा वेगळं असतं. एक स्विच बंद करून निर्धास्त झालेला माणूस दुसऱ्या जिवंत तारेला हात लावतो. शिवाय फार जुन्या सांगाड्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. कारागीर पुरवठा तोडून, तारा सोडवून रोध मोजतो: २३० व्होल्टचं १ किलोवॉटचं एलिमेंट साधारण ५३ ओहम दाखवतं, तुटलेलं असेल तर रोध अनंत. पण ५३ आले म्हणून गळती नाही असं होत नाही. त्यासाठी मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लागतो, आणि तो घराघरांत नसतो.

एका बाबतीत वही बाजूला ठेवायची. रेंज जास्तच तापत असेल तर थर्मोस्टॅटचे किंवा कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटलेले असू शकतात. मुख्य स्विच लगेच बंद करा. सुरक्षेचा कटआउट (जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच) पुन्हा पुन्हा दाबून रेंज चालवू नका.

आता दुरुस्ती की बदल? स्वीडिश संशोधक गुस्ताव दालेन यांना १९१२ मध्ये नोबेल मिळालं, त्याच वर्षी स्फोटात त्यांची दृष्टी गेली, आणि १९२२ मध्ये त्यांनी उष्णता साठवणारी जी आगा (AGA) रेंज आणली ती विजेवर नव्हे, घन इंधनावर चालायची. जुन्या सांगाड्यात मागाहून वीज बसवलेल्या रेंजही आहेत. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन रेंजची पोटं वेगळी असू शकतात, म्हणून आधी पाटीवरचा मॉडेल क्रमांक बघा. टाइम स्विच, पंखा, सेन्सर किंवा सहज बाहेर निघणारं एलिमेंट असेल तर मी दुरुस्तीच करीन. एलिमेंटसाठी सगळी रेंज उलगडावी लागणार असेल, तर आतलं सगळं बदलून प्रत्येक ओव्हन हवा तेव्हा वेगळा चालू-बंद करता येईल असं स्वतंत्र कंट्रोल देणाऱ्या संचाचाही भाव विचारा. मजुरी जवळपास तेवढीच पडेल.

पण त्यात एक गोष्ट जाते: कधीही झाकण उघडलं की तयार असलेली आच, आणि स्वयंपाकघराची ऊब. दुसऱ्या पारड्यात वीज. सरासरी ५०० वॉट खेचणारी रेंजही दिवसाला १२ युनिट घेते. दिवसभर घरात माणसं आणि बाहेर थंडी असेल तर ती वाया जात नाही. दोनच तास स्वयंपाक होत असेल तर स्वतंत्र कंट्रोल बरा.

कारागीर ठरला की त्याला मॉडेल क्रमांक आणि वहीतले आकडे आधीच कळवा. रेंज कधी बंद करायची तेही त्यालाच विचारा, बहुधा तो आदल्या दिवशी म्हणेल. गरम बिडात कोणी हात घालत नाही, आणि नुसता बघून गेला तरी फेरीचे पैसे द्यावेच लागतात.