25 सिगार, नंबर एकच

आकडा आधीच सांगतो, म्हणजे हसायचं ते हसून घ्या: 51,000 रुपये. टेस्टिंगची, म्हणजे सिगार चाखायच्या बैठकीची, फी 2,500; पेटीचे आगाऊ 15,000 यूपीआयने आणि उरलेले 33,500 रोख. कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करणारा कोथरूडचा माणूस, आणि बुडालो कशात, तर सिगारमध्ये.

कोरेगाव पार्कातला फ्लॅट, आम्ही आठ जण. बोलावणारा ओळखीतूनच आलेला होता. हे मुद्दाम लिहितोय, कारण 'अनोळखी माणसाला पैसे दिलेसच कसे' हे ऐकून कान किटलेत. तिथे ओढलेली सिगार अस्सल होती, हे आजही छातीठोक सांगतो. निकाराग्वाची, पाद्रोन कंपनीची 1964 ॲनिव्हर्सरी, चौकोनी दाबलेली. न पेटवता झुरका, मग राख किती टिकते ते, मग चव, सगळं रीतसर कागदावर. कोको, कॉफी, मागून मिरी. मी 100 पैकी 91 गुण देऊन खाली सही ठोकली. आंब्याच्या पेटीत वरचा थर कसा असतो, हे पुण्यात कोणाला सांगायला नको.

त्या संध्याकाळी तो बोलावणारा स्वतःच म्हणाला होता, "प्रत्येक सिगारभोवतीच्या कागदी पट्टीवर वेगळा नंबर असतो, नकली माल ओळखता यावा म्हणून." मी जाणकारासारखी मान डोलावली होती.

चार दिवसांनी पार्किंगमध्ये, दिवेलागणीला, त्याच सिगारची त्याच्याकडून मागवलेली पेटी हातात आली. झाकण उघडलं. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांवर एकच नंबर. मी पाहिला. विचारलंसुद्धा. "तो बॅच नंबर, सर." आणि मी "हां, हां" म्हणत नोटा मोजायला लागलो! अडाणी दिसू नये म्हणून. दुसरा थर उचलून बघायला किती वेळ लागला असता? पेटीवर आपल्याकडचं तंबाखूच्या इशाऱ्याचं चित्र नव्हतं, तर तेही मला 'थेट तिकडचा माल' असल्याची खूण वाटली. आणि भाव काही मातीमोल नव्हता हो. 48,500 ला 25, म्हणजे नग 1,940. निम्म्यात देतो म्हणाला असता तर मीही सावध झालो असतो.

रविवारी गच्चीत पेटवली. बोटभर जळायच्या आत राख मांडीवर, एक बाजू जळतेय, दुसरी ढिम्म. दुसरी सिगार ब्लेडने उभी चिरली. चांगल्या सिगारच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी पानं असतात; हिच्यात चुरा. पंचवीसच्या पंचवीस पट्ट्यांवर तोच नंबर. आमची ही फक्त एवढंच म्हणाली, "बिडीचा वास येतोय."

चौकीत गेलो, तर "ऑनलाइन पैसे दिलेत ना, सायबरला जा." सायबरला गेलो, तर "समोरासमोर व्यवहार झालाय, चौकीत जा." तीन खेपा. बिल मागितलं, बिल असतं तर मी इथे कशाला आलो असतो? बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. यूपीआयवर नाव भलत्याच बाईचं होतं. तेव्हाच थांबायला हवं होतं. तुम्ही थांबा, नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका. एका साहेबांनी तर उलट मलाच झापलं, की इशारा नसलेला माल विकणं गुन्हा आहे, तुम्ही घेतलात कसा? म्हणजे फसलोही मीच आणि आरोपीही मीच! हवालदारांनी दोन सिगार 'तपासाला' ठेवून घेतल्या. पंचनामा नाही, पोच नाही.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पहिल्या तासाभरात करा. मी लाजेपायी नऊ दिवस घालवले, तोवर खातं रिकामं झालं होतं. रोख तर मुळीच देऊ नका, मी तीच दिली. पेटी घ्यायचीच असेल तर बिल देणाऱ्या दुकानातून, आणि पैसे देण्याआधी सगळे नंबर वाचून. चश्मा घालून.

21 सिगार कपाटात पडून आहेत. काल त्याचं स्टेटस पाहिलं: शनिवारी टेस्टिंग, मोजक्याच जागा. फी आता 3,000.