रांजणगाव रस्त्यावरचं बिनपाटीचं फॅब्रिकेशन

आधीच सांगते, दुकानदार माझ्या ओळखीचा आहे. तीन वर्षं माझ्याच खानावळीत ताटं विसळायचा. मी त्याची बाजू घेतेय असं कुणाला वाटलं तर वाटू दे. पैसे मी पूर्ण मोजलेत आणि भांडलेही पूर्ण आहे.

माझी खानावळ शिक्रापूरच्या पुढे, जेवणारी बहुतेक एमआयडीसीतली पोरं. आजवर त्याच्याकडून मागचं गेट, जेवणाची सहा टेबलं, गॅसच्या टाक्यांचा पिंजरा आणि भट्टीवरचं धुराडं करून घेतलं.

टेबलांना पैकीच्या पैकी. बाजारातलं तयार टेबल घेताना कधी खालून हात फिरवून बघा. वेल्डिंगचे मणी तसेच राहिलेले असतात, हाताला टोचतात, साडीचा काठ अडकतो. याने खालची बाजूसुद्धा कटरने घासून गुळगुळीत केलीय, जी कुणी बघणार नाही. प्रत्येक पायाखाली एक बोल्ट दिलाय. माझी फरशी उंचसखल, पान्याने अर्धा फेरा दिला की टेबल डुगडुगायचं थांबतं. आधी आम्ही पुठ्ठ्याच्या घड्या घालायचो आणि पोछा मारताना त्यांचा लगदा व्हायचा.

मला खरी आवडली ती त्याची वही. इथले बाकीचे फॅब्रिकेशनवाले गेट बघतात, हनुवटी खाजवतात आणि किलोमागे एक आकडा तोंडी सांगतात. हा आधी चित्र काढतो, मापं टाकतो. मग अँगल किती फूट, पाईप किती फूट, वेल्डिंगचे रॉड, कटरची चकती, रेडऑक्साइड, लाइट, मजुरी, प्रत्येकाची वेगळी ओळ. मी म्हटलं, "मजुरीत दोनशे कमी कर की रे, माझ्याकडे जेवलायस तू." तर म्हणतो, "मावशी, मजुरी कमी करत नाही. पाईप एक नंबर खालचा लावू का? पण मग पाच वर्षांत गंजेल." गप्प बसले मी. ताटं विसळणाऱ्या पोराने मला हिशेबात गप्प केलं, याचा राग यावा की बरं वाटावं ते त्या दिवशी ठरेना.

हे सगळं तो पाबळला शिकला. पाबळ म्हटलं की लोकांना मस्तानीची समाधी आठवते. तिथेच डॉ. कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, हिंदुस्थान लीव्हरमधली मोठ्या हुद्द्याची नोकरी सोडलेला माणूस आमच्या शिरूर तालुक्यातल्या दुष्काळी माळावर येऊन राहिला. २००३ मध्ये ते गेले, आश्रम चालू आहे. शाळेत न रमलेल्या, नापास झालेल्या पोरांनाही तिथे घेतात. वर्षभर राहायचं आणि हाताने काम करत शिकायचं. मी सोडायला गेले तेव्हा ते घुमटासारखे डोम बघून मला वाटलं, हे काय देऊळ आहे की कोठार! लोखंडी त्रिकोण जोडून केलेले असतात ते. १९९३ च्या भूकंपानंतर लातूरकडेही तसले डोम बांधून दिले होते. जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टरही त्यांनी केला होता.

आमचा हा नववीत दोनदा आपटलेला. मला वाटलं वेल्डिंग शिकेल, झालं. पण तिथे चार विभाग असतात आणि चारही करावे लागतात: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. पहिल्या सुट्टीत आला तो रक्तगट कसा तपासतात ते सांगत. मी म्हटलं, "तुला वेल्डिंगला पाठवलंय की दवाखान्यात?" नंतर कळलं, तिथली शिकवायची रीतच ही. गावाला लागणारी खरी कामं पोरांनी करायची आणि गावाने त्याचे पैसे द्यायचे. फुकट केलेल्या कामाला गिऱ्हाईक नावं ठेवत नाही, पैसे मोजले की वाकडं गेट खपवून घेत नाही. पोरगं सरळ माप घ्यायला शिकतं ते त्यामुळे.

वाकड्या गेटावरून आठवलं. माझं गेट पहिल्याच पावसाळ्यात खाली बसलं. उघडताना सिमेंटवर घासायचं, कोबा उकरला गेला. बिजागऱ्या हलक्या लावल्या होत्या, चूक सरळ त्याची. दोन फोन उचलले नाहीत. तिसऱ्यांदा मी स्वतः दुकानावर गेले आणि चारचौघांत बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी आला, ओळंबा लावून बघितलं, खांबच थोडा कललाय म्हणाला, पण बिजागरीचं कबूल केलं. जाड बिजागऱ्या घातल्या, एक रुपया घेतला नाही, वहीत मात्र लिहून ठेवलं. आता गेट एका बोटाने उघडतं. तरी गेटाला मी पाचापैकी तीनच देईन.

वेळेचं विचारू नका. आठ दिवस म्हणाला की तीन आठवडे धरायचे. टेबलांच्या वेळी माझं डोकंच फिरलं होतं, कारण पोरं उभ्याने जेवत होती आणि हा जिल्हा परिषदेच्या शाळेत हात धुवायच्या नळांचा स्टँड जोडत बसलेला. रविवारी तो गावाची कामं करतो, मालाचे पैसे घेतो, मजुरी नाही. त्या रविवारचा मंगळवार झाला होता. मी शाळेतच जाऊन ओरडले. पण पोरांच्या उंचीप्रमाणे नळ दोन पातळ्यांवर लावलेले बघितले आणि आवाज जरा खाली आला. टेबलं त्यानंतरही पाच दिवसांनी मिळाली.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड. मशीन जुनं, दुसऱ्याकडून घेतलेलं. कर्जासाठी एका बँकेत खेटे घालून झाले. मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतच्या शिशु कर्जाला तारण लागत नाही, हे तो कागद घेऊन सांगत होता आणि काउंटरवरचे साहेब हमीदार आणा म्हणत होते. शेवटी बारा हजार मी दिले, सहा महिन्यांत फेडले त्याने. व्याज घेतलं नाही, बदल्यात टाक्यांच्या पिंजऱ्याला चाकं लावून घेतली.

आता हाताखाली दोन पोरं आहेत, दोघंही शाळा सुटलेली. त्यातला धाकटा टेप उलटा धरायचा. परवा माझ्या खिडकीचं माप घ्यायला तोच आला, चित्र काढलं, ओळी पाडल्या आणि मजुरीचा रकाना मोकळा ठेवून म्हणाला, "हे दादा भरतील."

जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: पक्कं जीएसटीचं बिल मिळत नाही, वहीतल्या पानाचा फोटो मिळतो. बिजागऱ्या जाड घाला असं आधीच बजावा. घाईचं काम असेल तर देऊ नका. आणि दुकान बंद दिसलं तर दीडच्या सुमारास माझ्याकडे या. जेवायला इथेच असतो, आणि ताटाचे पैसे रोख देतो. मी नको म्हटलं तरी.