ओपन स्पेसमधील नवी बाके : ज्येष्ठांच्या गुडघ्यांना मानवतात का?

जळगावातील आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये गेल्या हिवाळ्यात लोखंडी सांगाडा आणि लाकडी पट्ट्यांची नवी बाके बसवण्यात आली. जुनी सिमेंटची बाके शेजारीच असूनही ज्येष्ठ मंडळी संध्याकाळी लवकर येऊन नव्या बाकांवरच जागा धरतात, यातच बराचसा निकाल आला.

टेपने मोजले असता जुन्या बाकाची बैठक जमिनीपासून ३८ सेंटिमीटर भरली, तर नव्याची ४६. बसताना हा फरक जाणवत नाही. उठताना मात्र बैठक जितकी खाली, तितका गुडघ्यांवर आणि मांड्यांवर भार अधिक येतो. शिवाय उठण्यासाठी माणूस पावले मागे ओढून पुढे झुकतो, आणि जुन्या बाकाखाली भरीव ओटाच असल्याने टाचा मागे सरकतच नाहीत. नव्या बाकाखाली मोकळी जागा आहे. त्याचे हात बैठकीपासून वीतभर उंच, पुढच्या कडेपर्यंत आलेले आणि मूठ नीट बसेल इतके गोल आहेत. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या आमच्या शेजारच्या काकू दोन्ही हातांवर जोर देऊन कोणाच्याही आधाराशिवाय उठतात. मधोमधही एक हात आहे. असा हात बहुधा बाकावर झोपणाऱ्यांना अडवण्यासाठी लावतात, पण येथे मध्ये बसणाऱ्यालाही त्याचा आधार होतो.

खानदेशातील उन्हाळा मात्र बनवणाऱ्याने अर्धाच विचारात घेतलेला दिसतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा दिवसभर तापलेले सिमेंट दिवेलागणीनंतरही धग सोडत राहते. लाकडाचा तसा त्रास नाही. पण आधारासाठी धरायचे हात उघड्या लोखंडाचे असल्याने उन्हातल्या बाकांवर पाच वाजताही चटका बसतो. हातांवरही लाकडी पट्टी हवी होती. देणगीदाराची ‘स्मरणार्थ’ पाटी नेमकी पाठ टेकते तेथे ठोकली आहे आणि तिचे स्क्रू टोचतात. स्मरण राहते, यात शंका नाही.

बाकांपेक्षा त्यांच्या मांडणीबद्दल माझी तक्रार मोठी आहे. सगळी बाके एका ओळीत रस्त्याकडे तोंड करून आहेत, त्यामुळे कमी ऐकू येणाऱ्यांना बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही आणि प्रत्येक वाक्य दोनदा सांगावे लागते. दोन बाके काटकोनात ठेवली असती, आणि शेजारी व्हीलचेअरसाठी सुमारे ९० सेंटिमीटर रुंदीची सपाट फरशी सोडली असती, तर खर्च फारसा वाढला नसता. शेजारच्या कॉलनीने हीच बाके जरूर घ्यावीत. फक्त पाया भरण्यापूर्वी ती कडुनिंबाच्या सावलीत मांडून, चार आजी-आजोबांना बसवून-उठवून पाहावे.